नवी चिठ्ठी आणि जुनी खोली
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



 अशा व्यासपीठावरून संगणकाचा महिमा आपण पुष्कळदा ऐकला असेल. मुलांनी संगणक शिकावा, त्यातून नोकरी मिळते, जमाना त्याचाच आहे, वगैरे. हे सारे खरे आहे. पण अशा भाषणांत खुद्द संगणक कोठे सापडत नाही. म्हणून मी आज महिमा सांगणार नाही. संगणकाच्या पोटातला एकच प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहे. प्रश्न दिसायला लहान आहे, परंतु त्याच्या उत्तरासाठी मोठमोठ्या बुद्धिमान माणसांची कित्येक वर्षे खर्ची पडली आहेत. पालकांनी घाबरण्याचे कारण नाही. हे समजण्यास गणिताची पदवी लागत नाही. शाळेची घंटा ज्याने ऐकली आहे, त्याला हे समजेल.

प्रश्न असा: एखादी गोष्ट पुष्कळजण एकाच वेळी वापरीत असतील, तर तिच्या जागी नवी गोष्ट कशी आणावी, आणि जुनी केव्हा मोडावी?

प्रथम थोडी ओळख करून घेऊ. प्रत्येक संगणकात आणि प्रत्येक मोबाइल फोनमध्ये एक मूळ कारभारी असतो. कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यायची, कोणाला कोणत्या दारापर्यंत जाऊ द्यायचे, हे सर्व तो ठरवितो. त्याला कर्नल म्हणतात. लिनक्स नावाचे कर्नल १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहावयास घेतले. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये तेच कर्नल आहे, म्हणजे या सभागृहातील बहुतेकांच्या खिशात ते या क्षणी चालू आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी वर्षातून दोनदा निघते, तिच्यातील सर्वच्या सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. सांगण्याचा हेतू इतकाच की, या कर्नलमधील एक चूक म्हणजे कोणा दूरच्या प्रयोगशाळेतील चूक नव्हे. ती आपल्या घरातली चूक आहे.

आता संगणकाच्या स्मृतीला आपण एक मोठी शाळा समजू. तिच्यात असंख्य खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीला क्रमांक आहे. कार्यालयाबाहेरच्या सूचनाफलकावर एक चिठ्ठी लावली आहे: 'परीक्षेचे वेळापत्रक खोली क्रमांक ७ मधील फळ्यावर पाहावे.' वेळापत्रक चिठ्ठीवर नाही. चिठ्ठीवर फक्त ते कोठे आहे त्याचा पत्ता आहे. अशा पत्त्याच्या चिठ्ठीला संगणकाच्या भाषेत पॉइंटर म्हणतात. कर्नलमध्ये अशा लाखो चिठ्ठ्या असतात, आणि त्यांतील पुष्कळशा सामाईक असतात, म्हणजे ज्याला गरज असेल त्याने त्या वाचाव्यात.

संगणकात एकच प्रोसेसर होता तोवर फारशी अडचण नव्हती. शाळेत एकच माणूस हिंडणारा असेल तर तो स्वतःच्याच पायात कितीसा येणार? परंतु २००५ च्या सुमारास घरगुती संगणकांतही एकाऐवजी दोन प्रोसेसर येऊ लागले. आज साध्या फोनमध्ये आठ असतात, आणि मोठ्या संगणकांत शंभराच्या वर. हे सगळे एकाच शाळेत, त्याच खोल्यांतून, एकाच वेळी धावत असतात. कोणी कोणासाठी थांबत नाही.

आता अपघात कसा होतो ते पाहा. एका मॉनिटरने फलकावरची चिठ्ठी वाचली: खोली ७. तो त्या दिशेने निघाला. तो जिन्यात असतानाच कारकुनाने वेळापत्रक बदलले, ते खोली १२ मध्ये लिहिले, चिठ्ठी बदलली, आणि खोली ७ रिकामी समजून दुसऱ्याच कोणाला देऊन टाकली. मॉनिटर खोली ७ मध्ये पोहोचला. फळ्यावर काहीतरी लिहिलेले आहे. त्याला काय कल्पना? तेच वेळापत्रक समजून त्याने ते उतरवून घेतले आणि वर्गात जाऊन वाचून दाखविले.

यात मॉनिटरचे चुकले काय? त्याने चिठ्ठी वाचली तेव्हा ती खरी होती. कारकुनाचे तरी काय चुकले? त्याने नवी खोली तयार करूनच चिठ्ठी बदलली होती. दोघांचेही वागणे आपापल्या परीने बरोबर, आणि तरीही परिणाम चुकीचा. या दुखण्याचे विशेष असे की ते रोज होत नाही. दहा लाख वेळा सर्व सुरळीत चालते, आणि एकदाच मॉनिटर नेमका जिन्यात असताना चिठ्ठी बदलते. मग तपास करणारा येतो, पुन्हा तेच करून पाहतो, तर काहीच बिघडलेले नसते.

शिवाय ज्याला ती खोली मिळाली तो दुष्ट हेतूचा असेल तर काय होईल, हेही ध्यानात घ्यावे. तो फळ्यावर मुद्दाम खोटा हुकूम लिहून ठेवील. मॉनिटर हा कर्नलचा माणूस, त्याला सर्व दारे खुली. तो तो हुकूम खरा मानून पाळील. परक्याच्या संगणकाचा ताबा घेणारे लोक नेमकी हीच फट शोधत असतात.

अशा गोंधळाची किंमत कर्नलच्या बाहेरही चुकवावी लागते. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत यांतील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. मूळ बिघाड वाढलेल्या झाडांना टेकलेल्या तारांचा होता. परंतु ओहायोमधील वीज कंपनीच्या नियंत्रणकक्षात धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली दुपारी दोननंतरच मुकी झाली होती, आणि तेथील कर्मचाऱ्यांना ते कळलेच नाही. चारच्या सुमारास सर्वत्र अंधार झाला. पुढे तपासात आढळले की, त्या प्रणालीतील दोन कामांना एकाच माहितीवर एकाच क्षणी लिहिण्याची मुभा मिळाली होती. लाखो ओळींच्या त्या कार्यक्रमातून ही एक फट शोधण्यास कित्येक आठवडे लागले.

यावर सर्वांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे कुलूप. १९६५ साली हॉलंडचे एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी, अनेकजण एकाच वेळी काम करीत असताना एका वेळी एकानेच आत जावे हे कसे साधावे, याची रीत गणिताच्या शिस्तीने मांडून दाखविली. ज्याच्या हाती किल्ली तो आत जाईल. बाकीचे दाराशी उभे राहतील. लिनक्समध्ये १९९६ साली एकाहून अधिक प्रोसेसर वापरण्याची सोय झाली तेव्हा संपूर्ण कर्नलला असे एकच मोठे कुलूप होते. एक प्रोसेसर आत गेला की इतरांनी बाहेर थांबावयाचे. सुरक्षितता मिळाली, पण चार माणसे पगारावर ठेवून कामाला एकच असा प्रकार झाला. पुढे त्या एका कुलपाची अनेक लहान लहान कुलपे करण्यात आली, तरी ते मोठे कुलूप कर्नलमधून पुरते निघण्यास २०११ साल उजाडावे लागले.

लहान कुलपांनीही एक प्रश्न सुटला नाही. आपल्या सूचनाफलकाचेच उदाहरण घ्या. वेळापत्रक वर्षातून एखाद्या वेळी बदलते, पण ते पाहणारे दिवसातून हजार असतात. केवळ पाहणाऱ्यालाही किल्लीसाठी रांगेत उभे करणे हा अन्याय आहे. म्हणून दुसरी युक्ती निघाली: पाहणारे कितीही आत येऊ देत, फक्त दाराशी ठेवलेल्या वहीत येताना व जाताना सही करावी. लिहिणाऱ्याने वही कोरी होईपर्यंत थांबावे. ऐकावयास हे छान वाटते. पण आता ती वहीच रांगेचे कारण होते, कारण वही एक आणि सही करणारे शंभर! तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम १० सेंटिमीटर जातो. मग एका प्रोसेसरकडची वही दुसऱ्याकडे पोहोचेपर्यंत किती ठोके वाया जात असतील, याची आपणच कल्पना करा. वाचण्याचे काम एका ठोक्याचे, आणि सहीसाठी खोळंबा कित्येक पटींचा.

कोणी म्हणेल, वही फलकाजवळ कशाला? प्रत्येक खोलीत वेगळी वही ठेवा. जो त्या खोलीत शिरेल तो तेथे सही करील. येथे मात्र विद्यार्थ्यांनी नीट लक्ष द्यावे, कारण खरी मेख येथेच आहे. सही करण्यासाठी आधी खोलीत पोहोचले पाहिजे, आणि चिठ्ठी वाचणे व खोलीत पोहोचणे या दोहोंच्या मधल्या क्षणातच खोली मोडली जाऊ शकते. ज्या वहीने खोलीचे रक्षण करावयाचे, ती वहीच त्या खोलीबरोबर गेलेली असेल! सामाईक पॉइंटरचा सगळा धोका त्या जिन्यातल्या एका क्षणात साठलेला आहे.

यावर जो उपाय निघाला त्याचे नाव 'रीड-कॉपी-अपडेट'. संक्षेपाने त्याला आरसीयू म्हणतात. त्यामागच्या कल्पनेची बीजे जुनी आहेत. १९८० साली कुंग आणि लेहमन या अमेरिकेतील संशोधकांनी एका निबंधात असे सुचविले होते की, काढून टाकलेली वस्तू लगेच नष्ट न करता, ती काढली त्या क्षणी कामात असलेले सर्वजण आपले काम संपवीपर्यंत बाजूला ठेवावी. पुढे १९९३ च्या सुमारास ओरेगन राज्यातील सीक्वेंट या कंपनीत पॉल मॅकेन्नी आणि जॉन स्लिंगवाइन यांनी अनेक प्रोसेसरांच्या संगणकांसाठी ही कल्पना प्रत्यक्ष कर्नलमध्ये उतरविली. लिनक्समध्ये ती ऑक्टोबर २००२ मध्ये, २.५.४३ या आवृत्तीत आली. हे काम लिनक्समध्ये आणणाऱ्यांत आय.बी.एम.च्या भारतातील विभागात काम करणारे दीपंकर सरमा हे प्रमुख होते. फायलींची नावे शोधण्याच्या कामात तिचा उपयोग करण्यातही ते आणि त्यांचे सहकारी मनीष सोनी यांचा वाटा आहे. आपल्या मुलांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जगभराच्या फोनमध्ये चालणाऱ्या या कारागिरीत आपल्या देशातील माणसांचा हात आहे.

आता ही रीत आपल्या शाळेत लावून पाहू. तिच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी: जुन्या फळ्याला हात लावावयाचा नाही. कोणीतरी तो उतरवून घेत असेल. त्याच्या डोळ्यांदेखत पुसू लागलात तर अर्धे जुने व अर्धे नवे वेळापत्रक त्याच्या पदरी पडेल. म्हणून कारकुनाने खोली १२ मध्ये जावे, सर्व मजकूर तेथे उतरवून घ्यावा, हवी ती दुरुस्ती करावी, आणि फळा पूर्ण झाल्याची खात्री करून घ्यावी.

दुसरी पायरी: मग चिठ्ठी बदलावी. चिठ्ठी एका झटक्यात बदलते. वाचणाऱ्याला ७ तरी दिसेल किंवा १२ तरी दिसेल, मधले काही दिसणार नाही. यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी फळा, मग चिठ्ठी. आपल्याला हे सांगावे लागत नाही, पण संगणकाला सांगावे लागते. वेग वाढावा म्हणून प्रोसेसर आणि भाषांतर करणारा कंपायलर हे दोघेही सोयीप्रमाणे कामे मागेपुढे करतात. त्यांना स्पष्ट ताकीद दिली नाही तर फळा कोराच असताना चिठ्ठी लागावयाची! म्हणून कर्नलमध्ये चिठ्ठी लावण्यासाठी 'आरसीयू असाइन पॉइंटर' आणि ती वाचण्यासाठी 'आरसीयू डीरेफरन्स' असे खास शब्द ठरलेले आहेत. त्यांत ही ताकीद आधीच घातलेली असते. वाचणाऱ्याला ताकीद कशाला, असे वाटेल. पण डेक कंपनीचा अल्फा नावाचा प्रोसेसर असा होता की, नवी चिठ्ठी वाचून नव्या खोलीत गेल्यावरही तेथे जुनाच फळा दिसण्याचा संभव असे. नियम त्या सर्वांत अवघड गिऱ्हाइकाला पुरेल असा करावा लागला.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची: आता थांबावे. नवे येणारे सर्व खोली १२ कडे जातील. पण ज्यांनी जुनी चिठ्ठी वाचली आहे ते अजून जिन्यात आहेत किंवा खोली ७ मध्ये आहेत. ते सर्व परत येईपर्यंत खोली ७ जशीच्या तशी उभी राहिली पाहिजे. मात्र ते परत आले हे कळावे कसे? वाचणाऱ्यांकडून सही तर घ्यावयाची नाही.

येथे घंटा कामास येते. शाळेचा असा नियम समजा: प्रत्येक तुकडीतून एका वेळी एकच मॉनिटर बाहेर जाईल, तो बाहेर असेपर्यंत त्या तुकडीचा तास संपणार नाही, आणि घंटेनंतर जुन्या चिठ्ठीवरचा क्रमांक कोणी वापरणार नाही. तुकडी म्हणजे एक प्रोसेसर, आणि घंटा म्हणजे त्या प्रोसेसरने हातातले काम ठेवून दुसरे घेण्याचा क्षण. प्रत्येक तुकडीची घंटा वेगळ्या वेळी होते, आणि ती कशीही होणारच असते. कारकुनाने फक्त एवढेच पाहावे की, चिठ्ठी बदलल्यानंतर प्रत्येक तुकडीची निदान एक घंटा झाली आहे. तसे झाले म्हणजे जुनी चिठ्ठी वाचलेला एकही मॉनिटर आता बाहेर नाही, हे आपोआप सिद्ध होते. कोणाला विचारावे लागले नाही, कोणाची सही घ्यावी लागली नाही. आता खोली ७ खुशाल मोडावी.

या थांबण्याच्या मुदतीला 'ग्रेस पीरियड' म्हणतात. या मूळ, साध्या प्रकारात वाचणाऱ्याला काहीही जादा काम पडत नाही. 'मी वाचावयास सुरुवात केली' आणि 'मी संपविले' असे दोन शब्द कर्नलमध्ये लिहिलेले असतात, पण प्रोसेसरला त्यांपायी एकही आज्ञा पाळावी लागत नाही. पुढे या रीतीत पुष्कळ सुधारणा झाल्या, निरनिराळ्या गरजांसाठी निरनिराळे प्रकार निघाले. आज लिनक्समध्ये हजारो ठिकाणी तिचा उपयोग होतो. मूळ तत्त्व मात्र हेच राहिले: वाचणाऱ्याची वाट अडवू नये; ज्याला बदल करावयाचा आहे त्याने थांबण्याचा भार स्वतः सोसावा.

अर्थात सवलत मिळाली की जबाबदारीही येते. या साध्या प्रकारात वाचणाऱ्यावर एक बंधन आहे: त्याने मध्येच झोपता कामा नये. विद्यार्थ्यांनी हसू नये, कर्नलमध्ये हा शब्द याच अर्थाने वापरतात! काम अर्धवट टाकून कशाची तरी वाट पाहत पडून राहणे, याला झोपणे म्हणतात. मॉनिटर खोली ७ मध्ये झोपला आणि तुकडीने दुसरा मॉनिटर नेमून घंटा दिली, तर कारकुनाचा हिशेब चुकेल. आणि एखादा वाचक आत जाऊन परतलाच नाही, घंटा झालीच नाही, तर कोणतीच जुनी खोली मोडता येत नाही; जुन्या खोल्यांचा ढीग साचतो आणि शेवटी नव्यासाठी जागा उरत नाही. म्हणून लिनक्समध्ये पहारा ठेवलेला आहे. नेहमीच्या मांडणीत २१ सेकंद लोटूनही एखाद्या प्रोसेसरची घंटा झाली नाही तर कर्नल नोंदवहीत तक्रार लिहितो.

या रीतीची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर विषयाला न्याय दिला असे होणार नाही. चिठ्ठी बदलल्यावरही थोडा काळ काहीजण जुना फळा वाचत असतात. वेळापत्रकाच्या बाबतीत ते चालते. एखादा निरोप कोणत्या वाटेने पाठवावा याच्या तक्त्यातही चालते. पण बँकेच्या खात्यात शिल्लक किती, या प्रश्नाला क्षणभर जुने उत्तर चालणार नाही. जेथे जुने चालत नाही तेथे खोलीच्या दारावर 'रद्द' अशी खूण करतात, आणि वाचणाऱ्याने आत शिरून, त्या खोलीपुरते कुलूप लावून, ती खूण पाहावी असा नियम करतात. जेथे बदल वरचेवर होतात तेथे साधे कुलूपच बरे. औषध चांगले असले तरी ते कोणत्या रोग्याला द्यावे हे कळण्यासाठी वैद्य लागतो.

हे सर्व ठाऊक असूनही चूक होते. एक उदाहरण देतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ६.१ या आवृत्तीत, चालू कार्यक्रमांच्या स्मृतीचे विभाग लक्षात ठेवण्यासाठी एक नवी रचना बसविली गेली. तिचे नाव 'मेपल ट्री'. तिच्यात जुना भाग बदलून नवा लावताना आरसीयूची रीत पाळली होती: आधी नवा भाग, मग चिठ्ठी, मग घंटांची वाट, मग जुना भाग मोडणे. सर्व शिस्तीने. पण त्याच रचनेचे काही वाचक दुसऱ्या, जुन्या रिवाजाने येत होते. त्यांनी वाचण्याचे कुलूप घेतले होते, आणि ते हाती असेपर्यंत काहीच बदलणार नाही असा त्यांचा भरवसा होता. म्हणून ते घंटेनंतरही आतच राहत. इकडे कार्यक्रमाची 'स्टॅक' नावाची जागा वाढविताना कर्नल केवळ वाचण्याच्या कुलपावरच रचनेत बदल करीत असे. म्हणजे मोडणारा वाट पाहत होता हे खरे, परंतु ज्यांची वाट पाहावयाची त्यांची नव्हे!

जून २०२३ मध्ये पेकिंग विद्यापीठातील एका अभ्यासकाने ही फट शोधली आणि गाजावाजा न करता कर्नल सांभाळणाऱ्यांना कळविली. ६.१ ते ६.४ या आवृत्त्यांत ती होती. साध्या वापरकर्त्याला तिच्यातून संगणकाचा पूर्ण ताबा मिळविणे शक्य होते. त्याच महिन्याच्या अखेरीस दुरुस्ती झाली. स्टॅक वाढविताना आता लिहिण्याचेच कुलूप घ्यावे असे ठरले. जुलैमध्ये ती गोष्ट जाहीर झाली. या चुकीला 'स्टॅकरॉट' असे नाव पडले आहे.

या उदाहरणातून मला जे घ्यावेसे वाटते ते असे. येथे कोणी आळशी नव्हता, कोणी अडाणी नव्हता. दोन नियम होते आणि दोन्ही आपापल्या जागी चांगले होते. पण एका घरात दोन नियम नांदत आहेत आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत, हे कोणी पाहिले नव्हते. 'हा बदल बरोबर आहे का?' एवढा प्रश्न पुरत नाही. 'जुन्या चिठ्ठीवर अजून कोण कोण विसंबून आहे, आणि ते गेल्याचे मला कशावरून कळणार?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. यंत्रे थोडी मदत करतात. मुक्त केलेल्या जागेला कोणाचा हात लागला तर ओरडणारा एक तपासनीस २०१५ पासून लिनक्समध्ये आहे. पण प्रत्यक्ष ज्या वाटेने चूक घडेल, त्या वाटेने एकदा तरी गेल्याखेरीज तो ओरडत नाही. न गेलेल्या वाटांचा विचार माणसालाच करावा लागतो.

आता विद्यार्थी मित्रांना दोन गोष्टी सांगून मी रजा घेतो. लिनक्सची प्रत्येक ओळ वाचावयास खुली आहे. फी नाही, शिफारस नाही. समांतर कार्यक्रमलेखनावर मॅकेन्नी यांनी लिहिलेले मोठे पुस्तकही विनामूल्य मिळते. ज्याला सी भाषा बऱ्यापैकी येते आणि इंग्रजी सावकाश का होईना वाचता येते, त्याने सुरुवात करावी. पहिला अभ्यास संगणकावाचूनही होतो. कागदावर दोन रकाने आखा. एकात मॉनिटरची कामे लिहा, दुसऱ्यात कारकुनाची. मग दोन्हींतील ओळी जितक्या तऱ्हांनी मागेपुढे होऊ शकतील तितक्या तऱ्हांनी लावून पाहा, आणि कोणत्या मांडणीत मॉनिटर मोडलेल्या खोलीत शिरतो ते शोधा. ज्याला ती मांडणी हुडकण्याची गोडी लागली, त्याला पुढे काय शिकावे हे सांगावे लागणार नाही.

आणि पालकांना एक विनंती. संगणकाच्या वर्गाची फी आपण पोटाला चिमटा घेऊन भरता, हे मला ठाऊक आहे. सहा महिन्यांत मूल काय कमवू लागेल, हा प्रश्न त्यामुळे मनात येणारच. पण ज्या मुलांच्या हातून उद्या असे कर्नल लिहिले जाईल, ती मुले पुष्कळ दिवस नुसती कागदावर रकाने आखताना दिसतील, आणि विचारल्यास 'विचार करतो आहे' किंवा 'विचार करते आहे' एवढेच म्हणतील. त्यांना तो वेळ द्यावा. मुलींना तर आवर्जून द्यावा, कारण घरकामाची हाक त्यांच्या रकान्यात आधी येते.